नवीन सरपंच ताई, आधी डोंगल ताब्यात घ्या
गावात सत्तांतर झालं, गुलाल उधळला, सरपंच बाई झाली की पारावर एकच विषय, कारभार बघणार कोण, बाई का तिचा मालक. मोहोळ तालुक्यात मी सरपंच होते तेव्हा हेच ऐकलं, बायकांना 50 टक्के आरक्षण 2011 पासून आहे तरी. त्या वादात पडू नका, पाच वर्षं अशीच जातील. हे उरकून घ्या.

चार्ज घेताना दप्तर मोजून घ्या. रोकडवही, घरपट्टीचा नमुना 8, पासबुकं. नुसती सही ठोकायची नाही.

आता मेन गोष्ट, डोंगल. वित्त आयोगाचे, म्हणजे केंद्राकडून गावाच्या कामाला येणारे पैसे ऑनलाइन जातात, त्याला सरपंच आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) दोघांची डिजिटल सही लागते, ती ह्या पेनड्राइव्हसारख्या डोंगलमध्ये असते. माझं डोंगल पहिले चार महिने ग्रामपंचायतीतल्या कॉम्प्युटर ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये, पासवर्ड त्याच्या वहीच्या मागच्या पानावर, आणि पेमेंट झालं की मेसेज ह्यांच्या मोबाइलवर, कारण नंबरपण ह्यांचाच दिलेला. एकदा गटारीचं बिल गेलं, जाऊन बघते तर गटार अर्धीच. सही माझी, नोटीस आली असती तर मलाच. तेव्हापासून डोंगल माझ्या पिशवीत, शेंगाचटणीच्या पुडीशेजारी.

मालक मासिक सभेत येऊन बसत असतील तर भांडू नका. मी शिपायाला खुर्च्या सदस्यांएवढ्याच मोजून मांडायला सांगितल्या. हे दारात उभे राहिले, मग चहाला म्हणून गेले ते गेलेच. घरी दोन दिवस अबोला, तिसऱ्या दिवशी विचारतात, पाण्याच्या मोटारीचं काय झालं?

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावीच लागते, कायद्यातच आहे, पण बऱ्याच ठिकाणी रजिस्टर घरोघर फिरवून सह्या गोळा करतात. तसलं नको. बचत गटाची मिटिंग असते तोच दिवस धरा, वेळ बाया खुरपणीवरून आल्यावरची, आणि इतिवृत्त तिथंच लिहून शेवटच्या ओळीला चिकटून सह्या घ्या. मोकळी जागा सोडली की त्यात मागनं लय ठराव उगवतात.

सोलापूरला झेडपीत काम असलं तर मालकाला पाठवू नका, एसटीला बायकांना हाफ तिकीट आहेच. पहिल्या फेरीला 'साहेब कुठायत' विचारतील, म्हणजे तुमचे मालक. दुसऱ्या फेरीला कुठली फाइल कुठल्या टेबलावर ते कळतं. तिसऱ्या फेरीला क्लार्क स्वतःच म्हणतो, बसा मॅडम.