जुन्या कॉम्प्युटर टेपची रिळं टांगायची कशी

अर्धा इंची टेपची ती मोठी साडेदहा इंची रिळं, आयबीएमने १९६४ ला सिस्टिम/३६० कॉम्प्युटरसोबत आणली ती नऊ ट्रॅकवाली (म्हणजे टेपच्या रुंदीत डेटाच्या नऊ समांतर रेघा), कोणाकडे असतील तर प्लीज एकावर एक आडवी रचू नका. खालच्या रिळाच्या चकत्या, म्हणजे टेपच्या दोन्ही बाजूंच्या गोल तबकड्या, दबतात, आणि त्या टेपच्या कडेला घासल्या की कडेचे ट्रॅक गेलेच समजा.

पूर्वी कॉम्प्युटर सेंटरमधे रिळाच्या घेराभोवती प्लास्टिकचा पट्टा बसवायचे, त्याच्या लॅचवरच हूक असतो, तो रॅकच्या दांडीत अडकवला की काम झालं, धूळ पण आत जात नाही. असे पट्टे असतील तर मस्त, फक्त प्रत्येक लॅच दहादा उघडबंद करून बघा आणि पट्टा लावलेलं रीळ गादीवर धरून हलवा, कारण चाळीस-पन्नास वर्षांचं प्लास्टिक कडक होऊन तुटतं. मी हे केलं नव्हतं. रात्री धाडकन आवाज आला, सकाळी बघतो तर चकतीचा तुकडा कपाटाखाली आणि टेप फरशीभर.

दांडीसाठी स्लॉटेड अँगलचा रॅक बेस्ट. एक रीळ काट्यावर वजन करा, गुणिले जेवढी टांगायचीत तेवढी, आणि दांडी त्याच्या दुप्पट वजन पेलेल अशी घ्या. दोन दांड्यांमधे उभं अंतर ३५ सेमी तरी ठेवा नाहीतर हूक काढताना हात जात नाही.

पट्टे नसतील तर माझा जुगाड, प्लंबिंगच्या दुकानातला ९० मिमीचा पीव्हीसी पाइप. रिळाच्या मधलं भोक साधारण ९४ मिमीचं, त्यामुळे पाइप अलगद आत जातो आणि सगळा भार मधल्या हबवर येतो, चकत्यांवर काहीच नाही. पाइप दोन्ही टोकांना नीट टेकवा, लांब असेल तर मधे वाकतो, आणि दोन रिळांमधे पुठ्ठा घाला. धुळीसाठी मात्र वरून कापडी कव्हर हवंच.

टांगायच्या आधी रिळाच्या मागच्या खाचेतली प्लास्टिकची कडी, म्हणजे राइट रिंग, काढून टाका, ती नसली की ड्राइव्हला (टेप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या मशीनला) त्या टेपवर लिहिताच येत नाही. टेपचं सुटं टोक सेलोटेपने चिकटवू नका, तिचा गोंद टेपवर उतरतो.

आणि रॅक बाहेरच्या भिंतीला नको, पावसाळ्यात तिथे ओल येते, दमटपणाने टेपवरचा बाइंडर, म्हणजे चुंबकीय पावडर धरून ठेवणारा थर, चिकट होतो. बोटाला चिकट लागणारं रीळ ड्राइव्हवर चढवूच नका, वेगळं टांगा.