नवीन लेफ्टनंट साहेबांसाठी: प्लाटून हातात कशी घ्यायची

डेहराडून, चेन्नई किंवा गया, कुठल्याही ॲकॅडमीतून पासआउट होऊन या, पलटणीत पोचलात की खांद्यावरच्या दोन स्टार्सना सॅल्यूट मिळणारच, त्यात तुमचं काही कर्तृत्व नाही. जवान त्या पहिल्या दिवसापासून तुम्हाला बघत असतो, लपटन साहेब ऐकतात का, पळतात का, खोटं बोलतात का. मी इन्फंट्रीत जेसीओ (नायब सुभेदार, सुभेदार वगैरे, जवान आणि ऑफिसर यांच्या मधला हुद्दा) म्हणून रिटायर झालोय, लपटन साहेब बरेच बघितले, त्यातले काही आता कॉलरवर रेड टॅब (मोठ्या हुद्द्याची लाल पट्टी) लावून फिरतात. म्हणून हे खालच्या बाजूनं लिहितोय, ॲकॅडमीत शिकवलेलं परत सांगत बसत नाही.

पहिलं काम माणसं ओळखायची. बऱ्याच पलटणींमध्ये नवीन ऑफिसरला सुरुवातीला जवानांच्या बॅरेकमध्येच ठेवतात, लंगरचंच (जवानांच्या स्वयंपाकघराचं) जेवण, ते दिवस फुकट घालवू नका. प्लाटूनमध्ये तीन सेक्शन, तीसेक माणसं, सगळ्यांची नावं पहिल्या आठवड्यात तोंडपाठ पाहिजेत, आणि नंबर नाही हां, नाव. एक वही करा. गाव, तालुका, घरी कोण कोण, बायकोची डिलिव्हरी कधी, कर्ज किती आणि कशाचं, कोणता कोर्स राहिलाय, प्रमोशनचा कोर्स (कॅडर) कधी, फायरिंगला कसा, फिटनेस टेस्टमध्ये कुठं दमतो. हे क्लार्ककडून उतरवून घेऊ नका, संध्याकाळी गेम्स झाल्यावर त्याच्याजवळ बसून विचारा, आणि एका बैठकीत सगळं विचारू नका, पोलीस चौकशी वाटते.

मराठा पलटणीत आला असाल आणि मराठी येत नसेल तर शिका. मोडकीतोडकी चालेल, पोरं हसतील, हसू द्या. कमांड हिंदीत असते ते ठीक, पण घरचं दुःख माणूस हिंदीत सांगत नाही.

आता या वहीचा उपयोग काय, तर जवानाची अर्धी टेन्शनं गावाकडची असतात आणि त्यातली निम्मी जमिनीची. भावकीनं बांध कोरला, सातबाऱ्यावर नाव चढत नाही, असलं काहीतरी. त्याला "बघू" म्हणून पाठवू नका. कंपनी कमांडरला सांगून युनिटमार्फत कलेक्टर ऑफिसला पत्र जातं, जिल्हा सैनिक बोर्ड असतो, तिथं पाठपुरावा करता येतो. काम होईल न होईल, पण पत्राची कॉपी त्याच्या हातात द्या आणि महिन्यानं स्वतःहून विचारा, काय झालं रे त्याचं. एवढ्यावर माणूस तुमच्यासाठी काय काय करतो ते बघाल.

सुट्टी हा तर वेगळाच विषय. जवानाला वर्षाला ६० दिवस ॲन्युअल आणि ३० दिवस कॅज्युअल, आणि मराठा पलटणीत सगळ्यांना गणपतीलाच जायचंय, नाहीतर गावच्या जत्रेला. सगळ्यांना सोडता येत नाही. मग जानेवारीतच प्लाटून हवालदाराला घेऊन वर्षाचा प्लॅन करा, गेल्या वर्षी गणपतीला कोण गेला होता ते बघून यंदा दुसऱ्याला, आणि कागद बॅरेकमध्ये सगळ्यांना दिसेल असा लावा. जवान सुट्टी न मिळाल्यावर जेवढा चिडत नाही तेवढा वशिल्यावर चिडतो. आणि त्या यादीत स्वतःचं नावही टाका.

सुभेदार, नायब सुभेदार यांच्याशी कसं वागायचं यात लपटन साहेब दोन्हीकडून चुकतात. एक प्रकार म्हणजे दुसऱ्याच दिवशी सगळ्यांसमोर जेसीओला शिकवायला निघतात. दुसरा प्रकार, आणि हा मला जास्त धोक्याचा वाटतो, सगळं जेसीओवर सोडून देतात, "साहब, आप देख लो". अहो तुमच्या वयाएवढी सर्व्हिस असते काहींची, विचारा की त्यांना, "साहेब, तुम्ही असता तर कसं केलं असतं?" असं सरळ विचारा, पूर्ण ऐका, पण शेवटी निर्णय तुम्ही द्यायचा, तुमच्या तोंडानं. फसला तर तुमचा फसला. सीओंसमोर (पलटणीचे कमांडिंग ऑफिसर) "जेसीओ साहेबांनी सांगितलं होतं" असं एकदा बोललात की ती बातमी संध्याकाळपर्यंत लंगरमध्ये पोचते, आणि पुढचा सल्ला मिळत नाही.

शिस्तीचं थोडक्यात. आईबहिणीवरून शिवी नाही, हात उचलायचा नाही, आर्मी ॲक्टच्या कलम ४७ मध्ये हाताखालच्याला मारहाण किंवा छळ हा गुन्हा आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. जे पनिशमेंट देणार नाही त्याची धमकीही देऊ नका.

आता ऑर्डर्स. इथं जरा थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. वेळेचा हिशोब आधी: कंपनी कमांडरकडून टास्क मिळालं आणि निघायला सहा तास आहेत, तर तुमच्या रेकी-प्लॅनिंगला त्यातले दोनच, बाकीचे चार सेक्शन कमांडर आणि जवानांचे. नवीन साहेब सुंदर सँड मॉडेल (त्या जागेचा जमिनीवरचा छोटा नमुना) करण्यात पाच तास घालवतात आणि बिचाऱ्या सेक्शन कमांडरला अंधारात मॅगझिन मोजायला लागतात. मॉडेल दगड, दोरी, काड्या, चुन्याचं करा, चालतं, फक्त उत्तर दिशा आणि नाला बरोबर पाहिजे. ऑर्डरचा क्रम ठरलेलाच ठेवा, जमिनी निशान (जागेच्या खुणा), खबर, मकसद (काम काय), तरीका (कसं करायचं), इंतजाम, कमांड आणि सिग्नल. मकसद दोनदा सांगायचा, शब्द न बदलता.

आणि शेवटी "कोई शक?" विचारून मोकळं होऊ नका. कुणी हात वर करत नाही, तीस जणांत येडा कोण ठरणार. त्यापेक्षा मागं बसलेल्या एलएमजी (लाइट मशीनगन) नंबर दोनला, म्हणजे गनरच्या जोडीदाराला उठवा, "तू सांग, तुझं सेक्शन एफयूपीवरून कुठल्या बाजूनं निघणार आणि डावीकडं कोण असणार?" (एफयूपी म्हणजे अटॅकच्या आधी प्लाटून जिथं रचना घेते ती जागा.) त्याला आलं तर सगळ्यांना आलं. नाही आलं तर त्याच्यावर ओरडू नका, तुमची ऑर्डर कच्ची होती.

"पुढे राहा" हे सगळेच सांगतात, पण पुढे म्हणजे कुठं हे कुणी सांगत नाही. सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांचं बघा, कारवारजवळच्या चेंडिया गावचे, बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे आर्मीच्या इंजिनिअर्सपैकी. एप्रिल १९४८, नौशेराहून राजौरीकडं जाणारा रस्ता, त्यात माइन्स (सुरुंग) आणि तोडून टाकलेली झाडं. ८ एप्रिलला काम सुरू होतानाच मॉर्टारचा मारा झाला, पार्टीतले दोन गेले, पाच जखमी, त्यात राणे स्वतः. ते मागं गेले नाहीत. पुढच्या रणगाड्याच्या खाली, त्याच्याबरोबर रांगत, दोरी ओढून ड्रायव्हरला थांब-चल सांगत त्यांनी रस्ता काढून दिला, परमवीर चक्र मिळालं. ते तिथं होते कारण माइन आहे की नाही हे तिथूनच दिसत होतं. म्हणजे तुम्हीपण अशा जागी असा जिथून पुढचा निर्णय घेता येतो, कधी ती लीडिंग सेक्शनच्या मागे असते, कधी एलएमजीजवळ. उगाच पहिल्या स्काउटच्या पुढं धावलात तर प्लाटून कोण चालवणार?

लांब मार्च झाला की आधी पाय बघा. बूट काढायला लावा, फोड बघा, पाण्याच्या बाटल्या हलवून बघा, मग तुमचा चहा. डेहराडूनच्या ॲकॅडमीतल्या चेटवुड हॉलमधलं वाक्य तुम्हाला पाठ आहेच, देश आधी, मग जवान, तुम्ही सगळ्यात शेवटी. पोस्टवर त्याचा अर्थ पहाटे तीनला स्वतः उठून पहाऱ्यावरच्या जवानाकडं जाणं असाही होतो, पकडायला नाही, दोन मिनिटं बोलायला.

शेवटचं एक, जे फार कमी साहेब करतात. ट्रेनिंगमध्ये अटॅकच्या मधेच जाहीर करा, "मी गेलो", आणि बाजूला जाऊन गप्प बसा. जेसीओ किती वेळात कमांड घेतात, रेडिओ कोण उचलतो, तिसऱ्या सेक्शनला कळलं का. पहिल्यांदा बहुतेक गोंधळच होतो. लिहून घ्या, आणि पुढच्या वेळी जेसीओलाही बाजूला बसवा.