मेंदूतला फुगा फुटला तर या चुका टाळा

मावशी ओट्यापाशी भांडी घासत होती. एकदम मान धरून खाली बसली. "असं डोकं जन्मात दुखलं नाही गं," एवढंच म्हणाली आणि भडाभडा ओकली. जवळच्या दवाखान्यात पित्त म्हणून इंजेक्शन दिलं आणि आम्हालाही ते पटलं. सीटी स्कॅन झाला तो दुसऱ्या दिवशी. मेंदूच्या धमनीला आलेला फुगा, म्हणजे अ‍ॅन्युरिझम, फुटला होता.

पहिली चूक हीच, पित्त किंवा अर्धशिशी समजण्याची. अर्धशिशी हळूहळू चढते. हे दुखणं मिनिटाभरात शिगेला पोचतं. घरातली अ‍ॅस्पिरिन देऊ नका, तिने रक्तस्राव वाढू शकतो. सीटीची सोय असेल तिथेच न्या. फुगा पुन्हा फुटायचा धोका पहिल्या 24 तासांत सर्वांत जास्त, त्यामुळे "मामा गावाहून येऊ देत, मग ठरवू" हेही नको.

'डोकं उघडू नका, कॉइलच घाला' असा हट्टही धरू नका. कॉइलमध्ये बहुतेकदा जांघेतल्या धमनीतून जाऊन फुग्यात प्लॅटिनमची तार भरतात. ज्यांना दोन्ही उपचार शक्य होते अशा 2143 रुग्णांवरच्या आयसॅट अभ्यासात (2002) वर्षभरानंतर कॉइलवाले अधिक बरे होते, हे खरं. पण फुग्याची मान, म्हणजे तो धमनीला जिथे चिकटलेला असतो ती जागा, रुंद असेल किंवा रक्ताची मोठी गाठ काढायची असेल, तर कवटी उघडून टायटॅनियमची क्लिप लावणं अनेकदा सरस ठरतं. "याच फुग्याला हे का?" एवढं मात्र जरूर विचारा.

ऑपरेशन झालं, आता सुटलो, असं आम्हाला वाटलं. ही सर्वांत महागात पडणारी समजूत. साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसात मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसू शकतात आणि मेंदूला रक्त कमी पडतं. पेशंट गुंगीत वाटला, शब्द अडखळले, हात जड पडला, तर "दमली असेल" म्हणू नका, तडक सिस्टरला सांगा. यातून होणारं नुकसान कमी करायला दिलेली निमोडिपिन ही गोळी सहसा 21 दिवस, दर चार तासांनी असते. रात्री दोनला आणि सहाला गजर लावून आम्ही मावशीला उठवत होतो, फ्रिजवरच्या कागदावर खूण करत होतो. तिला झोपू द्यावंसं फार वाटायचं, तरी उठवलं. बीपी उतरलं तर गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा.

मिसरी, तंबाखू, विडी त्याच दिवशी बंद. कॉइल असेल तर ठरलेली अँजिओग्राफी चुकवू नका, कारण फुगा पुन्हा भरू शकतो. क्लिपचं कार्ड आधारकार्डासोबतच ठेवा. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली की तंत्रज्ञ आधी तेच मागतो.