हेक्टरी आकड्याआधी दगड मोजा

कृषी किंवा रसायनशास्त्राची पदवी घेऊन माती परीक्षणात येणाऱ्या ठाणे-कल्याणच्या मुलांचा टायट्रेशनवर, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण टाकून मोजण्यावर, हात लवकर बसतो. घोडं अडतं ते मुरबाड-शहापूरच्या वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर. भाताच्या खाचरातून एक नमुना घेतला तरी फार बिघडत नाही. उतारावर मका असेल तर मात्र माथा, मधला उतार आणि पायथा अशा तीन पिशव्या वेगळ्याच बांधायच्या. वर नुसता मुरूम, खाली धुपून आलेली चांगली माती, त्यांची सरासरी कोणाच्याच कामाची नाही.

फावडं मारण्याआधी विचारा, "दादा, राब कुठे भाजता?" राब म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून भाजलेली जागा; तिथे राख असते. ती माती पिशवीत आली की पालाश (पोटॅश) आणि सामू (पीएच) दोन्ही फुगतात. खड्डा 15 ते 20 सेंटीमीटर, व्ही आकाराचा. जस्त बघायचं असेल तर जस्ताचा मुलामा दिलेलं घमेलं नको, प्लास्टिकचं घ्या. आणि कापडी पिशवी! ओली माती प्लास्टिकमध्ये बंद करून एसटी-लोकलने ठाण्यापर्यंत आणली तर वाटेतच नत्राचे (नायट्रोजनचे) आकडे बदलायला लागतात.

आता जे फारसं कोणी सांगत नाही ते. प्रयोगशाळेत 2 मिलिमीटरच्या चाळणीवर राहिलेले खडे आपण फेकून देतो. पुढे पीपीएमला (दहा लाखात किती भाग, त्या आकड्याला) 2.24 ने गुणून हेक्टरी किलो काढतो. म्हणजे 15 सेंटीमीटरच्या थरात हेक्टरी 22.4 लाख किलो बारीक माती आहे, असं गृहीत धरतो. डोंगरात एवढी माती असते कुठे? शेतातच खड्ड्यात प्लास्टिकचा कागद अंथरून पाणी ओता, किती लिटर मावलं ते लिहा. मग त्यातून निघालेले दगड काठोकाठ भरलेल्या बादलीत बुडवून सांडलेलं पाणी मोजा. 10 लिटरच्या खड्ड्यात 4 लिटर दगड निघाले, तर माती फक्त 6 लिटर; माती परीक्षण पत्रिकेवरचं हेक्टरी 300 किलो नत्र खरं तर 180 च्या आसपास. 280 च्या खाली कमी धरतात. म्हणजे कागदावर ‘मध्यम’ असलेली जमीन प्रत्यक्षात उपाशी.

स्फुरदाला (फॉस्फरसला) आधी सामू बघा. आम्ल मातीला ब्रे पद्धत, बाकीला ओल्सेन पद्धत. तांबड्या मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतं, त्यामुळे पद्धत चुकली तर आकड्याला अर्थ उरत नाही.

मकाही बोलतो. खालच्या पानावर टोकाकडून मधल्या शिरेने पिवळेपणा उतरला तर नत्र कमी. कोवळ्या पानांवर बुडाकडे, शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरट पट्टे आले तर जस्त कमी. डीटीपीए द्रावणाने मातीतलं जस्त काढून मोजतात, त्या चाचणीत ते बहुधा 0.6 पीपीएमखाली मिळतं.

पत्रिकेत दगडांचा रकाना नसतो. शेऱ्यात हाताने लिहा. शेतकऱ्याला पत्रिका देताना युरियाचंही बोला: कोकणच्या पावसात उथळ मुरमातून तो वाहून जातो, म्हणून एकदम न टाकता थोडा पेरणीला, थोडा मका गुडघ्याला लागल्यावर आणि उरलेला तुरा यायच्या आधी.