कलम ६६अ वर नोंद लिहायला घेताना

आमच्याकडे नोंदी लिहायला नवीन कुणी आलं की सोशल मीडिया आणि राजकारण या विषयात मी आधी पालघरचं प्रकरण हातात देतो. गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते, म्हणून कुणी तपासायला जात नाही.

नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. त्या बंदवर फेसबुकवर आक्षेप घेणारी पालघरची एक तरुणी आणि पोस्ट लाइक करणारी तिची मैत्रीण, दोघींना अटक झाली. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ होतं, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह संदेश पाठवणं गुन्हा ठरवणारं कलम. पहिल्या मसुद्यात हमखास लिहिलेलं असतं, ‘शिवसेनेच्या सरकारने अटक केली’. तेव्हा राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार होतं. ‘पालघर जिल्ह्यात’ असंही असतं. तो जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ला, त्याआधी पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. आणि अटक झालेल्या मुलीचं नाव श्रेया सिंघल! त्या तर दिल्लीहून ६६अ विरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका करणाऱ्या.

तटस्थ लिहायचं म्हणजे एक वाक्य यांचं, एक त्यांचं, असा समज फार रुजलाय. मला तो निव्वळ आळस वाटतो. इथे तारखा ओळीने मांडल्या तरी पुरतं. ६६अ आलं २००८च्या दुरुस्तीने, केंद्रात यूपीए असताना. २०१२मध्येच पश्चिम बंगालमध्ये, तृणमूलच्या राज्यात, व्यंगचित्र ईमेलने पुढे पाठवल्याबद्दल जादवपूर विद्यापीठाच्या एका प्राध्यापकांना अटक झाली. आणि न्यायालयात अंतिम सुनावणी आली तेव्हा कलमाची बाजू मांडत होतं एनडीए सरकार. एवढं लिहिल्यावर ‘दडपशाही’ किंवा ‘कायदा-सुव्यवस्था’ हे शब्द आपल्या तोंडी घालायची गरज उरत नाही. कुणी ते वापरले असतील तर त्याच्या नावानिशी द्या.

स्रोतांचं म्हणाल तर कोणता कागद कशासाठी चालतो, ते आधी ठरवा. न्यायालयाने काय ठरवलं यासाठी २४ मार्च २०१५चं निकालपत्रच उघडा. न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांचं खंडपीठ. लांबलचक आहे, पण आधी शेवटचा भाग वाचा: ६६अ रद्द, मजकूर रोखण्याचं ६९अ मात्र कायम, आणि लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी संकेतस्थळं किती जबाबदार हे सांगणाऱ्या कलम ७९चा अर्थ मर्यादित केलेला. ‘न्यायालयाने सोशल मीडियाला पूर्ण मोकळीक दिली’ हे वाक्य तिथेच गळून पडतं. मात्र पालघरमध्ये त्या आठवड्यात काय घडलं, हे निकालपत्रात शोधू नका. त्यासाठी तेव्हाची वर्तमानपत्रं लागतात, आणि नुसत्या पहिल्या दिवसाची नव्हे. लावलेली कलमं पुढे बदलली, पोलीस अधिकारी निलंबित झाले, खटला बंद झाला. पहिल्या बातमीवर थांबणाऱ्याला यातलं काहीच सापडत नाही.

पक्षाचं ट्वीट फक्त ‘पक्षाने असं म्हटलं’ एवढ्यालाच पुरावा. स्क्रीनशॉट मी घेत नाही. मूळ पोस्ट तारखेसह दिसली तर तिची प्रत त्याच दिवशी जपून ठेवायची, कारण राजकीय पोस्ट उडतात फार लवकर. ‘सोशल मीडियावर संतापाची लाट’ या वाक्यावर मी न विचारता काट मारतो. बहुतेकदा खाली दोन-चार खाती निघतात.

त्या दोघींची नावं तेव्हा सगळीकडे छापून आली होती. तरी नोंदीत घालू नका. खटला संपलाय, त्या सार्वजनिक व्यक्ती नाहीत, आणि नावावाचून नोंदीचं काही अडत नाही.

नोंद २०१५वर थांबवणारे पुष्कळ. पण रद्द झालेल्या या कलमाखाली गुन्हे नोंदवणं चालूच राहिलं. जुलै २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल आश्चर्य व्यक्त केलं आणि ऑक्टोबर २०२२मध्ये या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नये असं बजावलं. हे दोन्ही आदेश आले नसतील तर मसुदा मी परत पाठवतो.