मुलांना सौंदर्याची गोडी लावताना या चुका टाळा

सुंदर वस्तूंनी घर भरलं की मुलाची नजर आपोआप घडते, असं अनेकांना वाटतं. पण भिंत चित्रांनी गच्च भरली तर मूल एकाही चित्रापाशी थांबत नाही. एका वेळी एकच चित्र लावा, तेही मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. आपल्या उंचीवर टांगलेल्या फ्रेममध्ये त्याला बहुधा दिव्याची चकाकीच दिसते. खाली बसून एकदा बघाच. काही आठवड्यांनी चित्र बदला, पण तसं सांगू नका.

चांगले पेले पाहुण्यांसाठी आणि मुलाला प्लास्टिक, हीसुद्धा चूकच. इटलीतल्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये आपली पहिली बालशाळा सुरू केली. लहान मुलांच्या हातात खऱ्या काचेची, चिनीमातीची भांडी द्यावीत, असा त्यांचा आग्रह होता. जे फुटतच नाही ते जपून धरायला हात कशाला शिकेल? एखादा पेला फुटेल, हे धरूनच चाला.

सगळ्यात नुकसान करते ती आपली कौतुकाची घाई. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या एका बालवाडीतला प्रयोग प्रसिद्ध झाला. आवडीने चित्रं काढणाऱ्या काही मुलांना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं रंगांकडे कमी वळू लागली. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं, त्यांची आवड मात्र टिकली. तेव्हा चित्राला चॉकलेटचं आमिष नको.

‘हे काय काढलंयस?’ हा प्रश्नही जरा आवराच. दोन वर्षांच्या मुलाने बऱ्याचदा ‘काही’ काढलेलंच नसतं, नुसती रेघ ओढण्यात मजा असते. आपण विचारलं की ते ‘गाडी’ म्हणून मोकळं होतं. त्यापेक्षा दिसेल ते बोला: ‘ही निळी रेघ पार कडेपर्यंत गेली की!’ किंवा गप्प बसा, तेही चालतं.

रात्री चांदण्या दाखवायला नेलं आणि मूल म्हणालं, ‘काहीच दिसत नाही’? बरोबरच आहे त्याचं. डोळे अंधाराला नीट सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मध्येच मोबाइल उघडला की सराव बराचसा वाया जातो. फोन घरातच ठेवा, बसायला काहीतरी घेऊन जा. मूल कंटाळलं तर मात्र मुकाट्याने आत या.