पडवीतला माणूस, पडवीसकट

माणसाला त्याच्या कामाच्या किंवा राहण्याच्या जागेत, त्या जागेसकट टिपणाऱ्या छायाचित्राला एन्व्हायर्न्मेंटल पोर्ट्रेट म्हणतात. यात जागा शोभेपुरती नसते. ती झाकली तर त्या माणसाविषयीची निम्मी माहिती नाहीशी झाली पाहिजे. शिकाऊ दिवसांत मी नेमकी ही जागाच पुसत असे. कोकणातल्या हर्णै बंदरावर जाळे दुरुस्त करत बसलेल्या एका काकांचे छायाचित्र मी ८५ मिमी लेन्सने, एफ/१.८ वर, म्हणजे लेन्सचे तोंड खूप उघडे ठेवून काढले. चेहरा सुरेख आला, परंतु मागचे बंदर इतके धूसर झाले की काका पुण्यातल्या एखाद्या बागेत बसले आहेत असे सांगितले असते तरी कोणाला शंका आली नसती.

म्हणून पहिला प्रयोग लेन्सचा करावा. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३५ मिमी आणि त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरवर २३ किंवा २४ मिमी लेन्स लावून अ‍ॅपर्चर (लेन्सच्या तोंडाचा उघडेपणा; आकडा मोठा तितके तोंड लहान आणि मागचे स्पष्ट) एफ/५.६ ते एफ/८ ठेवावे, म्हणजे माणूस आणि परिसर दोन्ही वाचता येतात. अशा वाइड, म्हणजे रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सच्या चौकटीत कडेला आलेला चेहरा ताणला जातो, हे मात्र ध्यानात असू द्यावे. फोन वापरत असल्यास पोर्ट्रेट मोड बंद करावा, कारण तो पार्श्वभूमी धूसर करण्यासाठीच बनवलेला असतो.

माणूस चौकटीत किती मोठा हवा, याचे उत्तर आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळदा लहान असते. आर्नल्ड न्यूमन यांनी १९४६ मध्ये काढलेल्या संगीतकार इगॉर स्ट्राविन्स्की यांच्या प्रसिद्ध छायाचित्रात पियानोचे काळे झाकण बहुतेक चौकट व्यापते आणि संगीतकार खाली कोपऱ्यात आहेत. एकाच माणसाची तीन छायाचित्रे काढून पाहावीत: कमरेपर्यंत, पूर्ण उंचीचे, आणि चौकटीच्या जेमतेम एक पंचमांश उंचीचे. तिसरे काढताना धीर होत नाही, तरी ते काढावेच.

कोकणात खरी परीक्षा प्रकाश घेतो. भर दुपारी पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूत) डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो, आणि माजघरात तर दिवसाही दिसत नाही. या दोहोंच्या मधली पडवी हा आपला आयता स्टुडिओ: वर उतरते छप्पर, समोर उघडे खळे (अंगण), आणि तिथून आत येणारा मऊ प्रकाश. माणसाला पडवीच्या कडेपासून दोनेक हात आत बसवून चेहरा खळ्याकडे करावा आणि एक्सपोजर (छायाचित्र किती उजळ यावे ते) चेहऱ्यावरून ठरवावे; मागचे दार काळे पडले तर पडू द्यावे. हात काम करत असतील तर शटर १/१२५ सेकंदापेक्षा हळू ठेवू नये, त्यासाठी आयएसओ (प्रकाशासाठीची संवेदनशीलता) १६०० पर्यंत चढला तरी चालेल. जांभ्याची भिंत किंवा तांबडी माती जवळ असली की गालावर तांबूस छटा उतरते, आणि पावसाळ्यात बांधलेल्या निळ्या ताडपत्रीखाली तोच चेहरा निळा दिसतो. तांबूस छटा मी बहुधा राहू देतो, कारण ती त्या घराचीच असते. ताडपत्रीची निळाई मात्र माणसाला आजारी दाखवते, तेव्हा दोन पावले सरकून बसण्याची विनंती करावी. या दुरुस्त्या नंतर करता याव्यात म्हणून छायाचित्रे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात घ्यावीत.

एका बैठकीत एकच गोष्ट बदलावी. लेन्स, अंतर आणि प्रकाश एकदम बदलले तर कशाने काय झाले ते घरी गेल्यावर कळत नाही.

आधी परवानगी घ्यावी, हे वेगळे सांगायला नको. लिलाव ऐन भरात असताना कोळिणीला थांबवून उभे करणे मात्र परवानगी मिळाली तरी टाळावे. तिचा प्रत्येक क्षण पैशाचा असतो. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, जाळी आणि होड्यांच्या दुरुस्तीला सवड मिळते आणि माणसे बोलती होतात. त्या वेळी कॅमेरा पिशवीत ठेवून अर्धा तास नुसते बसावे. हात कोणत्या हत्याराकडे सवयीने जातो, नजर कुठे वळते, हे तेव्हा दिसते, आणि चौकटीत काय असायला हवे तेही त्यातूनच ठरते.

काढलेले छायाचित्र छापून त्या माणसाला नेऊन द्यावे आणि तो काय पाहतो ते ऐकावे. मी ८५ मिमीचे ते छायाचित्र नेऊन दिले, तेव्हा काकांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि यात माझी होडी कुठे आहे, असे विचारले. होडी त्यांच्या मागे दहा पावलांवर, झापांनी (विणलेल्या झावळ्यांनी) शाकारून ठेवलेली होती.